वाघोरा नदीच्या खोऱ्यातील सोप्या पायवाटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अजिंठ्याला येणारे बहुतेक लोक फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी लावतात, तेथून बसने लेण्यांच्या पायथ्याशी पोहोचतात, दोन-तीन तासांत लेणी पाहतात आणि त्याच बसने परत फिरतात. ज्या दरीमुळे ही लेणी त्या जागी कोरली गेली, ती दरी त्यांच्या वाट्याला येते ती फक्त खिडकीतून. हे खोरे पायी पाहण्याजोगे आहे, त्यासाठी गिर्यारोहणाचा अनुभव लागत नाही, आणि दरी आधी चालून मग लेण्यांत शिरले तर लेणी अधिक समजतात, या मताने पुढील उत्तरे लिहिली आहेत.

हे खोरे नेमके कोठे आहे?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर उतारावर. संभाजीनगर शहरापासून अंतर सुमारे १०० किलोमीटर आणि जळगावपासून सुमारे ६० किलोमीटर भरते. सिल्लोड ओलांडून अजिंठा गावापर्यंत आपण दख्खनच्या पठारावरच असतो. गाव मागे पडले की घाट सुरू होतो आणि घाटाच्या पायथ्याशी फर्दापूर लागते. अजिंठा गाव आणि अजिंठा लेणी ही एकमेकांपासून वेगळी ठिकाणे आहेत, हे प्रथमच येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, कारण गावात उतरून ‘लेणी कोठे आहेत’ असे विचारणारे प्रवासी अजूनही भेटतात.

या नदीची एक गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला सहसा ठाऊक नसते. आपल्याकडच्या बहुतेक नद्या शेवटी गोदावरीला मिळतात आणि त्यांचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. अजिंठ्याची रांग ही गोदावरी आणि तापी या दोन खोऱ्यांमधली जलविभाजक रेषा आहे. रांगेच्या दक्षिणेला पडलेला पाऊस पूर्णा, केळना, गिरजा यांच्या वाटेने गोदावरीत उतरतो, तर उत्तरेच्या कड्यावर पडलेला पाऊस वाघोरेतून खाली खानदेशात जातो, तेथे तिला वाघूर म्हणतात, आणि पुढे तापीला मिळून तो अरबी समुद्र गाठतो. पठारावरच्या एकाच शिवारातले पाणी असे दोन समुद्रांना वाटले जाते.

या वाटा कितपत सोप्या आहेत?

रोज तासभर चालणाऱ्या कोणत्याही निरोगी माणसाला त्या जमतात. दोर लागत नाही, कातळ चढावा लागत नाही आणि रस्ता चुकण्याची भीतीही नाही, कारण दरीच्या भिंती आपल्याला भरकटू देत नाहीत. चालण्याचे तीन टप्पे आहेत. दरीसमोरच्या दर्शनस्थळावरून नदीपर्यंतची उतरण, तळातली नदीकाठची जवळजवळ सपाट वाट, आणि कड्याच्या मध्यावरून लेण्यांना जोडणारा बांधीव मार्ग. श्रम पडतात ते पहिल्या टप्प्यात. उरलेले दोन्ही टप्पे सावकाश फिरण्याचे आहेत. बस थांब्यापासून पहिल्या लेण्यापर्यंत मात्र पायऱ्यांचा एक चढ आहे, आणि तो दिसतो त्यापेक्षा थोडा अधिक दमवतो.

सुरुवात कोठून करावी?

शक्य असेल तर वरून. घाट उतरण्याआधी पठारावरून एक फाटा लेणापूरच्या बाजूने दरीच्या समोरच्या टोकावर जातो. तेथपर्यंत वाहन जाते. या टोकावर उभे राहिले की नदीचा संपूर्ण बाक, त्याच्या बाहेरच्या अंगाचा सरळसोट कडा आणि कड्याच्या पोटातली लेण्यांची ओळ एकाच नजरेत येते. पायथ्याशी बसने आलेल्या माणसाला हे दृश्य मिळत नाही. त्याला एकापाठोपाठ एक दालने दिसतात, पण ती कशाच्या कडेने कोरली आहेत हे ध्यानात येत नाही. वरून पाहिले की पाण्याने आधी कडा उघडा पाडला आणि माणसाने त्याच्या मागोमाग जागा निवडली, हा क्रम उमगतो.

या टोकावरून पायऱ्या आणि पायवाट अशी मिश्र उतरण नदीकडे जाते. वाटेत खालच्या बाजूला दुसरे, अधिक जवळचे दर्शनस्थळ आहे. तेथून लेण्यांचे दर्शनी स्तंभ आणि चैत्यांच्या, म्हणजे प्रार्थनागृहांच्या, मोठ्या कमानी वेगवेगळ्या ओळखू येतात. पुढे वाट आठव्या लेण्याच्या खालच्या पुलावर येते आणि पूल ओलांडला की आपण लेण्यांच्या बाजूला पोहोचतो. चढताना या वाटेला साधारण चाळीस मिनिटे लागतात. उतरताना त्याहून कमी, पण थांबत, पाहत उतरणाऱ्याने तासभर हाताशी ठेवावा. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर या बाजूला सावली फारशी उरत नाही, म्हणून उतरण लवकर आटोपलेली बरी.

ज्यांना उतरताना गुडघे दुखतात त्यांनी क्रम उलटा करावा. त्यांनी लेणी पाहून पुलापलीकडे यावे, फक्त खालच्या दर्शनस्थळापर्यंत चढावे आणि परत फिरावे. वरच्या टोकाइतका विस्तार तेथून दिसत नाही, पण दरीचा बाक कळण्यापुरते पुष्कळ दिसते.

वर गाडीने जाऊन पायी खाली उतरलो, तर गाडीचे काय करावे?

हा प्रश्न रास्त आहे. चालक सोबत असेल तर त्याला गाडी घेऊन फर्दापूरच्या तिठ्यावर यायला सांगावे. तिठा लेण्यांपासून सुमारे ४ किलोमीटरवर आहे, खासगी वाहनांना त्यापुढे प्रवेश नाही आणि लेण्यांहून तेथपर्यंत राज्य परिवहन महामंडळाची बस मिळते. स्वतः गाडी चालवणाऱ्यांनी फर्दापुरात गाडी लावून भाड्याच्या रिक्षाने किंवा जीपने वर जावे. भाडे आधी ठरवून घ्यावे आणि केवळ जाण्याचे ठरते आहे की थांबण्याचेही, हे स्पष्ट बोलावे. पुन्हा चढून वर जायची तयारी असेल तर हा प्रश्नच उरत नाही, पण लेणी पाहून दमलेल्या पायांनी दुपारच्या उन्हात तो चढ चढण्याचा बेत सहसा तडीस जात नाही.

दरीला घोड्याच्या नालेचा आकार कसा आला?

हा सगळा प्रदेश लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या कालखंडात जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर पडला, पसरला आणि थंड झाला. त्या थरांनाच दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट म्हणतात. दोन थरांमधल्या सीमारेषा कड्यावर आडव्या पट्ट्यांसारख्या दिसतात. काही थर घट्ट आणि एकसंध असतात, तर काही सच्छिद्र व ठिसूळ. नदी वळण घेते तेव्हा वळणाच्या बाहेरच्या काठावर पाण्याचा मारा जास्त बसतो आणि तो काठ कापला जाऊन उभा होतो, तर आतल्या काठाचा उतार सौम्य राहतो. वाघोरेच्या या वळणावर बाहेरचा काठ म्हणजे सुमारे ७५ मीटर उंचीचा, लेण्यांचा कडा. आतला काठ म्हणजे आपण ज्याच्यावरून उतरतो तो सोंडेसारखा डोंगर. थोडक्यात, चालायला सोपी बाजू आणि कोरायला योग्य बाजू अशी वाटणी नदीनेच करून ठेवली आहे.

चालताना खडकाकडे लक्ष दिल्यास त्यात पांढरट, कधी हिरवट ठिपके दिसतील. लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांनी खडकात पोकळ्या राहिल्या आणि नंतर त्यांत झिओलाइट, गारगोटी यांसारखी खनिजे साठली, ती ही. लेणी कोरणाऱ्यांना अशा थरांचा त्रास झाला असणार. काही दालनांत खडक फसवा निघाल्यामुळे काम बदलल्याच्या किंवा अर्धवट सोडल्याच्या खुणा आजही दिसतात.

भिक्षूंनी वस्तीसाठी हीच दरी का निवडली असावी?

कारणे एकापेक्षा अधिक आहेत, आणि वाट चालणाऱ्याला ती पटकन पटतात. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्याचे महिने एका ठिकाणी राहून काढावेत असा नियम होता. त्या वर्षावासासाठी कोरडे छप्पर आणि जवळ पाणी लागे. येथे छप्पर कड्याने दिले आणि पाणी नदीने. दुसरे कारण वाटेचे. पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी होती. तेथून भोकरदनमार्गे उत्तरेला उज्जैनकडे जाणारा व्यापारी मार्ग याच डोंगररांगेच्या घाटाने खाली उतरत असे. भोकरदन हे त्या काळी भोगवर्धन नावाचे भरभराटीचे नगर होते आणि तेथील उत्खननात सातवाहनकालीन हस्तिदंती मूर्ती सापडली आहे. व्यापाऱ्यांच्या तांड्यांपासून भिक्षा मिळेल इतकी जवळ आणि त्यांच्या गलबल्यापासून सुटका होईल इतकी दूर, अशी ही जागा होती.

आज आपण लेण्यांसमोरून ज्या सलग मार्गाने चालतो तो आधुनिक आहे. मूळ रचनेत लेण्यांना एकमेकांशी जोडणारा असा रस्ता नव्हता. प्रत्येक विहाराला, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्याला, थेट नदीवर उतरणारा आपापला जिना होता. त्यांतले बरेच जिने ढासळले, पण सोळाव्या लेण्याचा प्रवेश आजही पाहण्यासारखा आहे. खालून येणाऱ्या जिन्याच्या दोन्ही बाजूंना कोरलेले हत्ती आहेत आणि वर चढताना समोर नागराजाची बसलेली मूर्ती येते. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संगाने महाराष्ट्रातील एका खोल दरीतल्या मठाचे वर्णन करताना दाराबाहेरच्या दगडी हत्तींचा उल्लेख केला आहे. सोळाव्या लेण्यात शिरायचे तर ते खालून, पायरी पायरीने शिरण्यासाठी योजलेले आहे, म्हणून ज्यांना वेळ आहे त्यांनी नदीकडून वर पाहण्याची ही संधी सोडू नये.

तीस लेण्यांपैकी चालणाऱ्याने कोणती पाहावीत?

आधी क्रमांकांबद्दल. लेण्यांना १ ते २९ असे क्रमांक दिलेले आहेत आणि एक १५अ आहे, अशी एकूण ३०. हे क्रमांक जागेच्या ओळीने आहेत. काळाशी त्यांचा संबंध नाही. सर्वांत जुनी लेणी ओळीच्या मध्यभागी आहेत. नववे आणि दहावे हे चैत्य व त्यांच्या शेजारचे काही विहार इसवी सनापूर्वीच्या शतकांपासून सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यातले आहेत. नंतर कित्येक पिढ्या येथे कोरीव काम थांबले आणि पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, पुन्हा जोमाने सुरू झाले. हा दुसरा टप्पा साधारण ४६० ते ४८० एवढ्या थोडक्या वर्षांत आटोपला असे मत वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाने मांडले. ते सर्वांना मान्य नाही, पण अर्धवट राहिलेल्या लेण्यांसमोरून चालताना घाईने सुरू झालेले आणि अचानक थांबलेले काम पाहत असल्याची जाणीव होते, एवढे खरे.

वेळ कमी असेल तर १, २, १०, १६, १७, १९ आणि २६ ही लेणी निवडावीत. पहिल्यात पद्मपाणी आणि वज्रपाणी यांची चित्रे आहेत. सोळावे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दान दिले, हे तेथील शिलालेखावरून कळते. सतराव्यात जातककथांची चित्रे सर्वांत अधिक टिकली आहेत. सव्विसावे चैत्यगृह ओळीच्या दूरच्या टोकाला असल्यामुळे बरेच जण तेथपर्यंत जात नाहीत, आणि ते चुकीचे आहे. तेथे डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची सुमारे ७ मीटर लांबीची बुद्धमूर्ती आहे. ती पाहून बाहेर आले की समोर दरीचे बंद टोक दिसते आणि पावसाळ्यात धबधब्याचा आवाज तेथपर्यंत येतो. लेण्यांची ओळ कड्याच्या कडेने अर्ध्या किलोमीटरहून थोडी अधिक लांब आहे, तेव्हा टोकापर्यंत जाण्यात अंतराची सबब टिकत नाही. अठ्ठाविसावे आणि एकोणतिसावे लेणे उंचावर असून तेथे नेहमीची वाट नाही. त्यांचा नाद सोडावा.

चित्रांचे रंगही बऱ्याच अंशी मातीचेच आहेत. तांबडा आणि पिवळा हे गेरूसारख्या मातीपासून, हिरवा हिरव्या मातीपासून आणि काळा काजळीपासून केलेला आहे. निळ्यासाठी वापरलेला लाजवर्द दगड मात्र अफगाणिस्तानाकडून आलेला. भिंतीवर आधी मातीचा गिलावा देऊन, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून, वर पातळ पांढरा हात दिलेला असे आणि मग कोरड्या पृष्ठभागावर चित्र काढले जाई. म्हणूनच ओल हा या चित्रांचा मोठा शत्रू आहे, आणि गर्दीच्या श्वासाने वाढणारी दमट हवाही. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीक लोकांनाच आत सोडतात; त्यावरून चौकीदाराशी हुज्जत घालू नये.

कोणत्या ऋतूत यावे?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यासाठी उत्तम आहे. त्यातही पाऊस नुकताच ओसरलेला असताना, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, नदीला पाणी असते, डोंगर हिरवे असतात आणि पायऱ्यांवरचे शेवाळ वाळलेले असते. जुलै ते सप्टेंबरमध्ये दरीचे सौंदर्य विलक्षण असते यात शंका नाही. कड्यावरून जागोजागी पाणी सुटते आणि सप्तकुंडाचा धबधबा भरून वाहतो. त्या दिवसांत बसने यावे, लेण्यांसमोरच्या बांधीव मार्गावरून धबधबा पाहावा, पण दर्शनस्थळाची उतरण मात्र टाळावी, कारण ओल्या पायऱ्या आणि पाऊस वाढल्यास अचानक चढणारे नदीचे पाणी या दोन्हींवर अनुभवाचाही इलाज चालत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो आणि पानगळीमुळे कड्याची रचना अधिक उघडी पडते. भूरचना पाहण्यात रस असणाऱ्यांना आम्ही हाच काळ सुचवू. एप्रिल आणि मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो व काळा कातळ तापतो. तेव्हा या वाटा सोप्या राहत नाहीत.

सप्तकुंडाजवळ जाता येते का? डोहात उतरता येते का?

दरीच्या वरच्या टोकाला नदी एकाखाली एक अशा सात कुंडांतून उड्या घेत खाली येते, त्यावरून हे नाव पडले आहे. धबधबा दुरून, लेण्यांच्या बाजूने पाहावा. वरून, पठाराच्या काठावर जाऊन कुंडांत डोकावण्याचा मोह अनेकांना होतो. तेथे कठडा नाही, कातळ पाण्याने गुळगुळीत झालेला आहे आणि छायाचित्र काढताना तोल गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. डोहात उतरू नये. वरून शांत दिसणाऱ्या कुंडाची खोली डोळ्यांना कळत नाही, कडा धरायला जागा नसते आणि मदत पोहोचायला वेळ लागतो.

लहान मुले आणि ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर?

पहिली ते चौथीच्या मुलांना नदीकाठची वाट आणि पूल एवढेच पुरे. त्यांना लेण्यांपेक्षा वानरे आणि पाण्यातले दगड अधिक आवडतात आणि त्यात गैर काही नाही. आजी-आजोबांना चढ नको असल्यास लेण्यांच्या पायथ्याशी डोलीवाले मिळतात. चार जणांनी खांद्यावर घेतलेल्या खुर्चीत बसायला काही ज्येष्ठांना संकोच वाटतो, परंतु ती माणसे याच कामावर घर चालवतात, तेव्हा ठरलेली मजुरी सन्मानाने द्यावी आणि घासाघीस करू नये. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात, म्हणून सहज काढता-घालता येतील पण पायाला घट्ट बसतील असे बूट घालावेत. नुसत्या चपलांवर उतरण करू नये.

प्राण्यांचा काही धोका आहे का?

वानरांचा उपद्रव असतो तो खाण्यापुरता. हातात पिशवी लोंबकळत ठेवू नये, त्यांना खायला घालू नये. अधिक गंभीर विषय आहे आग्या मोहोळांचा. कड्याच्या कपारींत मोठी मोहोळे लागतात आणि ती चाळवली गेल्यावर पर्यटकांवर हल्ले झालेले आहेत. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा आणि दगड मारणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. माश्या उठल्याच तर हात न झटकता डोके व तोंड कापडाने झाकून त्या जागेपासून दूर जावे, आणि पाण्यात उडी घेऊ नये. उपरणे किंवा ओढणी सोबत ठेवायला सांगतो ते केवळ उन्हासाठी नाही. रांगेतल्या जंगलात बिबट्याचा वावर आहे, तरी दिवसा माणसांच्या वर्दळीच्या वाटेवर त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. सांजवेळी दरीत रेंगाळू नये एवढे पुरे. तातडीच्या वेळी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत, परंतु दरीत मोबाइलची रेंज भरवशाची नसते.

तिकीट, वेळ आणि सुट्टीचा वार कोणता?

लेणी सोमवारी बंद असतात. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, त्यामुळे दोन्ही ठिकाणे एकाच दौऱ्यात पाहणाऱ्यांची वारांची गल्लत होते. अजिंठ्याची वेळ सकाळी ९ ते सायंकाळी साडेपाच अशी आहे. भारतीय पर्यटकांना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे ४० रुपयांचे तिकीट असून १५ वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. बसचे भाडे वेगळे. दर बदलू शकतात. वरून उतरून येणाऱ्यांनी तिकीट ऑनलाइन आधीच काढावे, कारण तिकीट खिडकी खालच्या मुख्य प्रवेशाजवळ आहे आणि पूल ओलांडून आल्यावर तिकिटासाठी उलट खाली जाणे जिवावर येते.

खाण्यापिण्याची सोय काय?

पायथ्याशी उपाहारगृह आणि फर्दापुरात हॉटेले आहेत. वाटेवर काहीही मिळत नाही. माणशी किमान दोन लिटर पाणी घ्यावे. घरून आणलेले धपाटे किंवा दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा यांपेक्षा चांगला डबा या वाटेसाठी सुचत नाही. तो टिकतो, सांडत नाही आणि प्लास्टिकचा कचराही होत नाही. डबा लेण्यांत न नेता खालच्या बागेत उघडावा.

छायाचित्रे काढता येतात का?

हो, परंतु लेण्यांच्या आत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. ड्रोनला परवानगीशिवाय बंदी आहे.

वाटेवर विकले जाणारे स्फटिक घ्यावेत का?

तिठ्यावर आणि पायथ्याशी विक्रेते चमकदार दगड घेऊन मागे लागतात. खानदेशातल्या खाणींमधून आलेली खरी खनिजे त्यांत असतात, तसे रंग दिलेले तुकडेही असतात. आवडल्यास घ्यावेत, मात्र पहिल्या सांगितलेल्या किमतीवर विश्वास ठेवू नये. कड्यातून स्वतः दगड काढणे किंवा नदीतून गोळा करून नेणे सर्वस्वी अयोग्य आहे, कारण हे क्षेत्र संरक्षित असून १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

इंग्रज शिकाऱ्याने लेणी ‘शोधली’ हे खरे का?

जॉन स्मिथ हा मद्रास फौजेतला घोडदळाचा अधिकारी शिकारीसाठी आला असता त्याला समोरच्या टोकावरून दहाव्या लेण्याची कमान दिसली, अशी हकिगत सांगितली जाते. त्याने दहाव्या लेण्यात आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली. तेव्हा लेण्यात मातीचा व दगडांचा भराव असल्यामुळे ती अक्षरे आज माणसाच्या डोळ्यांच्या रेषेच्या वर दिसतात. परंतु आसपासच्या गावांतल्या लोकांना आणि गुराख्यांना ही दरी परकी नव्हती; शिकाऱ्याला वाट दाखवणारेही कोणी स्थानिकच असणार. तेव्हा ‘शोध’ हा शब्द बाहेरच्या जगापुरता घ्यावा.

त्यानंतर १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आला आणि दीर्घ काळ अजिंठ्यातच राहिला. त्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. त्याची स्थानिक सहचरी पारो हिची समाधी अजिंठा गावात आहे आणि गावाच्या जुन्या तटबंदीसह ती पाहता येते. पुढे निजामाच्या हैदराबाद राज्याच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली, इटालियन तज्ज्ञांना बोलावून १९२० ते १९२२ या काळात चित्रांच्या जतनाचे काम करवून घेतले. ज्या भिंती आज आपण पाहतो त्यांच्या टिकण्यात मराठवाड्याच्या त्या जुन्या राजवटीचा हा वाटा सहसा सांगितला जात नाही.

याच डोंगररांगेत आणखी अशी एखादी वाट आहे का?

सर्वांत आधी घटोत्कच लेण्यांची. सिल्लोडहून उंडणगाव, अंभई या बाजूने जंजाळा गाव गाठावे. गावापासून पठारावरची मोकळी वाट आणि शेवटी दरीत उतरणाऱ्या पायऱ्या, असे चालणे आहे. येथला शिलालेखही त्याच वराहदेवाच्या दानाचा आहे. म्हणजे अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याचा दाता येथे पुन्हा भेटतो. गर्दी जवळजवळ नसते आणि सोयीही नसतात. जंजाळ्याचा किल्ला शेजारीच आहे.

सोयगावकडे उतरणाऱ्या हळद्या घाटात वेताळवाडीचा किल्ला आहे. त्याचे दरवाजे आणि तटबंदी चांगल्या अवस्थेत आहेत, परंतु बालेकिल्ल्यापर्यंतचा चढ या पानावरच्या वाटांपेक्षा कठीण आहे. ज्यांना चढ नको आणि इतिहास हवा, त्यांनी भोकरदन तालुक्यातील अन्वा येथले यादवकालीन शैलीचे मढ मंदिर पाहावे. ते अजिंठा गावापासून जवळ आहे आणि त्याच्या बाह्य भिंतींवरील शिल्पे निवांत फिरून पाहण्यासारखी आहेत. त्याच तालुक्यातील असई येथे, केळना आणि जुई या नद्यांच्या दुआबात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसले यांच्या फौजा आणि इंग्रज सेनापती वेलस्लीचे सैन्य यांच्यात लढाई झाली.

एसटीने येऊन एका दिवसात हे सर्व होते का?

संभाजीनगर किंवा जळगावहून सकाळच्या गाडीने निघाल्यास दरीची उतरण, निवडक लेणी आणि नदीकाठची वाट एवढे एका दिवसात आरामात होते. घटोत्कच, वेताळवाडी आणि अन्वा यांसाठी वेगळा दिवस आणि स्वतःचे वाहन लागते. या रस्त्याने जाणाऱ्या बहुतेक गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर थांबतात, तरी चढताना वाहकाला ‘लेणी फाटा’ असे स्पष्ट सांगून ठेवावे. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे सकाळी उतरल्याबरोबर तेथेच विचारावे, कारण लेण्यांहून तिठ्यावर येणाऱ्या बसला बंद होण्याच्या वेळी मोठी रांग असते आणि त्या रांगेत गेलेला अर्धा तास पुढची गाडी चुकवायला पुरेसा होतो.